आधी अफवा आली, मग विषाणू

"तेव्हा सगळेच घाबरले होते हो, आता जाऊ द्या." गेल्या पाच वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा राग येतो. बोलणारे बहुतेक भले लोक असतात. त्यांना वाद नको असतो आणि माझ्याशी असलेलं नातंही तोडायचं नसतं. तरीही या वाक्याशी माझं भांडण आहे.

१७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तबलिगी जमातीशी संबंधित ७० भारतीय नागरिकांवरची १६ आरोपपत्रं रद्द केली. मार्च २०२०मध्ये बाहेरदेशाहून आलेल्या पाहुण्यांना यांनी मशिदीत, घरात आसरा दिला, हा आरोप होता. यांना कोरोना झाला होता किंवा यांच्यामुळे तो कुणाला झाला असं कागदावर काहीही नाही, असं न्यायालयाला दिसलं. इतकी साधी गोष्ट दिसायला पाच वर्षं लागली. माझ्या घरी येणाऱ्या मराठी पेपरात ही बातमी आतल्या पानावर एका कॉलमात होती. २०२०च्या एप्रिलमध्ये त्याच पेपरात याच लोकांसाठी पहिलं पान पुरत नव्हतं. मी ती बातमी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली. सगळ्यांनी पाहिली, कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी शिष्यवृत्तीचं परिपत्रक टाकलं आणि बातमी वर सरकून गेली.

तर "सगळेच घाबरले होते" याकडे येते. घाबरले होते, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मीही त्याच शहरात, सात रस्त्यावर राहत होते. फेब्रुवारीत कोंबडीने कोरोना होतो अशी आवई उठली आणि महाराष्ट्रातला कुक्कुटपालन करणारा शेतकरी बसला. पडेल भावात कोंबड्या विकल्या गेल्या, गोकाककडे एका शेतकऱ्याने हजारो कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. मग पेपरवाल्याला नको म्हणणं झालं, नोटा साबणाच्या पाण्यात घालून दोरीवर वाळत टाकणं झालं, गळ्यात कापराच्या पुड्या आल्या. आमच्या गल्लीत लिंबू-आलं-लसणाचा काढा मुस्लिम घरातून हिंदू घरात आणि हिंदू घरातून मुस्लिम घरात गेला. चिनी माणसांबद्दल, त्यांच्या खाण्याबद्दल जे काही बोललं जायचं ते ऐकताना मला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण व्हायची. १९१० साली याच सोलापुरात जन्मलेला माणूस १९३८मध्ये चीनला गेला, तिथल्या जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२मध्ये तिथेच वारला. त्यांचं स्मारक आपण बांधलं, आणि त्याच शहरात चिनी माणूस म्हणजे वटवाघूळ खाणारा एवढीच ओळख शिल्लक राहिली. असो.

नवा आजार, औषध नाही, लस नाही, टीव्हीवर इटलीतल्या शवपेट्या. माणूस घाबरणार नाही तर काय करणार? या भीतीवर मी कुणालाही दोष देणार नाही.

पण मार्चअखेरपर्यंत ही भीती कोंबडीला, नोटेला, पेपरला, चिनी माणसाला लागून फिरत होती. ३० मार्चच्या रात्री तेलंगणातल्या सहा मृत्यूंची बातमी आली, हे लोक निजामुद्दीनच्या मर्कजला जाऊन आले होते. त्यानंतर दोन दिवसांत भीतीला एकच पत्ता मिळाला. तो तिने स्वतः शोधला असं मला वाटत नाही, तो तिच्या हातात दिला गेला.

सोलापूरचं उदाहरण घ्या, कारण आमच्याकडे तारखा फार स्पष्ट आहेत. सोलापूर शहरात पहिला कोरोना रुग्ण नोंदवला गेला तो १२ एप्रिल २०२० रोजी, आणि तोही त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे १ ते ११ एप्रिल या काळात सोलापुरात सरकारी हिशेबाने एकही रुग्ण नव्हता. याच अकरा दिवसांत आमच्याकडे वीस वर्षं हातगाडी लावणाऱ्या भाजीवाल्याला "नाव काय तुझं?" असं विचारलं गेलं. ज्यांनी विचारलं त्यांच्या मुलांच्या मुंजीला त्याने केळीची पानं आणून दिली होती, त्यांना त्याचं नाव नीट माहीत होतं. तरीही विचारलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. कलिंगडं घेऊन येणारा दुसरा एक जण गाडीला देवाचं चित्र लावून आला, आणि खरं सांगते, तो हिंदूच होता. त्यालाही ते सिद्ध करावं लागलं.

पहिला रुग्ण मेल्यावर कळतो याचा अर्थ विषाणू त्याआधी कित्येक दिवस शहरात फिरत होता. कुणीही त्याला शोधत नव्हतं. लोक नावं शोधत होते.

आता काही जण म्हणतील, बाई, पण मर्कजमध्ये एवढी माणसं जमली होती हे खोटं का? खोटं नाही. दोन हजारांहून जास्त माणसं त्या एका इमारतीतून बाहेर काढावी लागली. लॉकडाऊन अचानक लागला, गाड्या बंद झाल्या, लोक अडकले असं मर्कजचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्य आहे. पण मक्केतला उमरा मार्चच्या सुरुवातीलाच थांबवला गेला होता. जिथे काबा रिकामा होतो तिथे आपला इज्तेमा चालू ठेवण्यात कसली दीनदारी? साथीच्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर बाहेर पडू नका, ही शिकवण तर आपल्याकडे चौदाशे वर्षांची आहे. जमातीच्या जबाबदार लोकांनी जुमानलं नाही असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. याच सुमारास वसईत होणाऱ्या इज्तेमाची परवानगी महाराष्ट्र सरकारने काढून घेतली, तो झाला नाही, आणि आभाळ कोसळलं नाही.

पण मार्चअखेरीसच आमच्याच जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यातल्या वागदरीत, संचारबंदी असताना ग्रामदैवताचा रथ ओढला गेला. शेकडो माणसं जमली, पोलिसांवर दगड पडले, गुन्हे दाखल झाले. गुन्हे वागदरीच्या जमावावर दाखल झाले, सगळ्या लिंगायतांवर किंवा सगळ्या हिंदूंवर झाले नाहीत. तेच योग्य होतं. बातमी दोन दिवस चालली आणि संपली. ५ एप्रिलच्या रात्री नऊ मिनिटं दिवे लावायचे होते, लोकांनी फटाके उडवले, सोलापूर विमानतळाजवळचं गवत पेटलं. त्यावरही आम्ही हसलो आणि विसरलो. मला वागदरीच्या लोकांना बदनाम करायचं नाही. वागदरीला जो न्याय मिळाला तो निजामुद्दीनला का मिळाला नाही, एवढंच विचारते. बेजबाबदार जमावाला बेजबाबदार जमाव म्हणायला मराठीत, हिंदीत शब्द आहेत. तरी त्याच्यामागे 'जिहाद' लावायची गरज कुणाला पडली?

आकडे दाखवले जातात. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ जण मर्कजशी संबंधित आहेत, म्हणजे जवळजवळ तीस टक्के. हा आकडा मी किती वेळा तोंडावर ऐकला आहे! मी गणित शिकवत नाही, पण एवढं मलाही कळतं. तेव्हा चाचण्या मोजक्या होत्या. परदेशातून आलेले, रुग्णाच्या संपर्कातले आणि श्वासाचा गंभीर त्रास असलेले, एवढ्यांचीच मुख्यतः चाचणी व्हायची. त्याच वेळी मर्कजला गेलेला प्रत्येक जण आणि त्याच्या संपर्कातले लोक राज्याराज्यांतून शोधून तपासले जात होते. शोधलं ते योग्यच केलं. पण ज्या विहिरीत पोहरा सोडाल त्याच विहिरीचं पाणी वर येणार. बाकीच्या विहिरींत पोहराच सोडला नाही आणि मग सांगितलं की गावात पाणी फक्त इथेच आहे. आठवड्यामागून आठवडे दिल्लीच्या पत्रकार परिषदेत हा वेगळा हिशेब सांगितला गेला. ६ एप्रिललाच जागतिक आरोग्य संघटनेचे माइक रायन म्हणाले होते की रुग्णांची धर्मावर विभागणी करू नका. ऐकतंय कोण?

पुढे मला शिक्षक म्हणून सर्वेक्षणाची ड्युटी लागली. त्या फॉर्मवर वय होतं, ताप होता, खोकला होता, मधुमेह होता, धर्माचा रकाना नव्हता. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर मात्र माझं नाव होतं. काही दारांत ते वाचलं गेलं आणि "तिथूनच विचारा मॅडम" असं सांगितलं गेलं. अंतर ठेवायचं होतंच, म्हणून मी तिथूनच विचारलं. माझ्याबरोबरच्या आशाताईला त्याच घरात पाणी मिळालं.

आता दुसऱ्या बाजूच्या दारांबद्दल बोलते, कारण त्याशिवाय हा लेख लिहायचा मला हक्क नाही. आपल्या वस्त्यांत माझ्यासाठी दार उघडायचं, पण कागद काढला की आवाज बदलायचा. "बाजी, ये एनआरसी का कागज तो नै ना?" हा प्रश्न मला किती घरांत आला त्याची मोजदाद नाही. नागरिकत्व कायद्याविरोधातली आंदोलनं नुकतीच झाली होती. लोकसंख्या नोंदणीचं काम देशात १ एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने सुरू होणार होतं, ते २५ मार्चला पुढे ढकललं गेलं. आणि अशा कामांना नेहमी कोण जातं? आम्ही शिक्षकच. तेव्हा हातात फॉर्म घेऊन आलेली बाई पाहून बायका घाबरल्या, तर मी त्यांना अडाणी म्हणणार नाही.

पण त्या भीतीवर ज्यांनी दुकान मांडलं त्यांना मात्र म्हणेन. "दवाखान्यात नेतात आणि इंजेक्शन देऊन मारतात." "चांगल्या माणसाला पॉझिटिव्ह दाखवतात, माणसामागे पैसे मिळतात." हे ऑडिओ आपल्याच भाषेत, आपल्याच लहेजात, सुरुवातीला सलाम करून फिरत होते. ते कुठल्या टीव्ही वाहिनीने बनवले नव्हते. इंदूरमध्ये १ एप्रिलला तपासणीला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली, दोन महिला डॉक्टर कशाबशा निसटल्या. ज्या बायका आपल्या आईबापाचा ताप मोजायला आल्या त्यांना दगड! आणि मालवणीत एप्रिलच्या सुरुवातीला काय झालं ते तर आपण बोलतच नाही. कोरोनाने गेलेल्या एका मुसलमानाच्या मय्यतीला कब्रस्तानच्या जबाबदारांनी नकार दिला. शेवटी जवळच्या हिंदू स्मशानात त्याचं दहन झालं. त्याच्या दोनच दिवस आधी, ३० मार्चला, मुंबई महापालिकेने सगळ्या कोरोना मृतदेहांचं दहनच करा असं परिपत्रक काढलं होतं. आपण ओरड केली, काही तासांत ते बदललं गेलं. म्हणजे सरकारकडून जो हक्क भांडून परत घेतला, तो आपल्याच माणसाला आपण दिला नाही. वांद्र्याच्या रहिवाशांनी कब्रस्तानात दफन नको म्हणून याचिका केली तेव्हा आपण चिडलो. मे महिन्यात उच्च न्यायालयाने ती फेटाळली, मृतदेहातून विषाणू पसरतो याला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलं. मालवणीतल्या विश्वस्तांची आणि त्या याचिकेची भीती एकच होती.

तरीही मी या दोन अफवा तराजूच्या दोन पारड्यांत ठेवायला तयार नाही. इथे मला मुंबईचा प्लेग आठवतो. १८९६च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत अफवा होती की राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत आणि दवाखाने त्यासाठीच आहेत. आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांनी हल्ला केला. ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्यातले जुलाहे विणकर एका आजारी मुलीला तपासू देईनात, त्यातून दंगा पेटला, गोळीबार झाला. पुण्यात रँडच्या सोजिरांनी काय केलं आणि त्यातून काय झालं हे प्रत्येक मराठी मुलाला शाळेत शिकवलं जातं. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. घाबरलेले लोक सत्तेला घाबरले होते. जुलाहा, गिरणी कामगार, पुण्याचा ब्राह्मण, तिघांनाही वाटत होतं की सरकार आपल्या घरात घुसून आपल्या बायकांना हात लावतंय. अफवा खालून वर जात होती. म्हणूनच हाफकिनची लस आल्यावर तरुण आगाखानांनी लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, आणि त्यांच्या माणसांचा विश्वास बसला. लोकांना भरवशाचा माणूस पुढे आलेला दिसला की अशी अफवा थांबते.

२०२०ची मोठी अफवा वरून खाली आली. स्टुडिओतून आली, रोजच्या आकडेवारीतून आली आणि शेजाऱ्याच्या अंगावर पडली. बोहरा मंडळी ताटातला शेवटचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट-चमचे चाटून साफ करतात, त्याचा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ 'थुंकी लावून कोरोना पसरवतात' म्हणून फिरला. आमच्या ग्रुपवरही आला. टाकणारे इतिहासाचे शिक्षक होते. त्यांनी साधन आणि पुरावा यातला फरक कितीतरी वर्षं मुलांना शिकवला आहे. पुढे जून २०२१मध्ये वाहिन्यांच्याच नियामक संस्थेने जमातीच्या बातम्यांवरून दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला. सोलापुरात त्या घराघरांत बघतात, पण त्यांना दंड झाल्याचं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

या दोन अफवा एकमेकींना पोसत होत्या. एकीकडे "हेच पसरवतात", दुसरीकडे "नेतील आणि मारतील". मध्ये सापडलेला माणूस काय करणार? ताप लपवणार. आमच्या ओळखीच्या एक खाला होत्या, विड्या वळायच्या. तंबाखूच्या धुळीने छाती आधीच अर्धी झालेली. मे महिन्यात दम लागला. पाच दिवस त्यांनी घरात कुणाला बोलू दिलं नाही. विचारलं तर म्हणायच्या, "पूरा मोहल्ला बंद करेंगे, बोलेंगे इन्हीं के वास्ते हुआ." सहाव्या दिवशी रिक्षातून नेलं तेव्हा ओठ निळे पडले होते. मय्यतीला चार माणसं होती. त्या मे-जूनमध्ये सोलापूरचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर होता आणि रुग्ण फार उशिरा येतात असं डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत होते. उशीर का होतो हे विचारायला मात्र कुणी आलं नाही. पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरांतही हेच चाललं होतं, तिथे मोहल्ला नव्हता, पण घरावर पत्रा ठोकला जाण्याची लाज तीच होती.

अशा वेळी आपले लोक लगेच दुसरी यादी काढतात. बघा, जमातच्या लोकांनी प्लाझ्मा दिला. बघा, पुण्यात मुस्लिम तरुणांनी हिंदूंवर अंत्यसंस्कार केले. बघा, इचलकरंजीत जकातीच्या पैशातून सरकारी दवाखान्यात अतिदक्षता विभाग उभा राहिला. या सगळ्याचा मला अभिमान आहे. पण आरोपाच्या उत्तरादाखल ही यादी वाचणं मला पटत नाही. खून केला नाही हे सांगण्यासाठी रक्तदानाचं प्रमाणपत्र दाखवायचं? ज्याने प्लाझ्मा दिला नाही, अंत्यसंस्कार केले नाहीत, जो मुकाट्याने घरात बसून रोजे धरत होता, तोही तितकाच निर्दोष होता. भाजीवाल्याने काहीच थोर केलं नव्हतं. तो फक्त भाजी विकत होता.

आणि निर्दोष असल्याचं सांगणारा निकाल यायला पाच वर्षं लागायला नको होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२०लाच अहमदनगर जिल्ह्यातल्या मशिदींत उतरलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले होते. या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेलं, माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला, असं न्यायमूर्ती नलावडे यांनी लिहिलं. न्यायमूर्ती सेवलीकरांना त्यातली काही निरीक्षणं मान्य नव्हती, पण गुन्हे रद्द करण्यावर दोघांचं एकमत होतं. निकाल मराठी मुलखातला, मराठी न्यायमूर्तींचा. मी गेली काही वर्षं शिक्षकांच्या प्रत्येक शिबिरात विचारते, हा निकाल कुणाला माहीत आहे? क्वचित एखादा हात वर येतो, तोही उर्दू माध्यमाचा.

"घाबरले होते" हे कारण मला का पुरत नाही, ते जानेवारी २०२५ने पुन्हा दाखवलं. पुण्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. धडधाकट माणसाचे हातपाय लुळे पडायचे, काहींना थेट व्हेंटिलेटरवर न्यावं लागायचं. राज्यातला पहिला संशयित मृत्यू सोलापुरात नोंदवला गेला, पुण्याहून आजारी होऊन आलेल्या एका तरुणाचा. आमच्याकडे पुन्हा तीच घाबरगुंडी, पुन्हा कोंबडी, पुन्हा पनीर, पुन्हा फॉरवर्ड. पण कुणी पत्रकार परिषदेत रुग्णांची जात-धर्म वाचून दाखवली नाही. आरोग्य खात्याची पथकं सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गावच्या विहिरीवर गेली, पाण्याचे नमुने घेतले, क्लोरीन टाकलं. सोलापुरात लोक आठ-पंधरा दिवस पाणी उकळून प्यायले. आमच्या गल्लीतला भाजीवाला, आता त्याचा मुलगा गाडी लावतो, त्या सगळ्या दिवसांत रोज सकाळी सातला येत होता.